फुप्फुसातली प्रथिनं डब्यात मिळत नाहीत

गेले काही महिने ओपीडीत आणि पत्रांतून एकच गोंधळ माझ्यापुढे येतोय. ‘प्रोटीन’ म्हटलं की लोकांना डाळ, अंडी आणि पावडरचा डबा आठवतो. मग ‘फुप्फुसातली प्रथिनं जंतूंशी लढतात’ असं कुठंतरी वाचलं की तीही खाऊनच वाढत असणार असं वाटतं. कुणी बाळाच्या बिलात ‘सर्फॅक्टंट’ हा शब्द पाहून घाबरलेलं असतं, तर कुणाला ‘फुप्फुसात प्रोटीन साठलंय’ असं सांगितलेलं असतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. फुप्फुसात संरक्षण करणारी प्रथिनं असतात म्हणजे नेमकं काय असतं? विद्यार्थ्यांना सोपं करून कसं सांगू? (शिक्षिका, सातारा)

आपण दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, बुरशीचे बीजाणू, जिवाणू आणि विषाणू आत येतात. त्यातलं बरंचसं नाकात आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकतं. तिथल्या पेशींवरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू तो स्राव सतत वर ढकलत राहतात. या स्रावातही प्रथिनंच काम करतात. लायसोझाइम जिवाणूंच्या भिंती फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंगला ते 1922 साली सर्दी झालेल्या नाकातल्या शेंबडात सापडलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. हे सांगितलं की मुलं शेंबडाला नाक मुरडणार नाहीत. लॅक्टोफेरिन जंतूंना लागणारं लोह आधीच बांधून टाकतं आणि त्यांना उपाशी ठेवतं.

खरी गोष्ट त्याच्याही खाली, वायुकोशांत आहे. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की तिथे चिकट स्राव आणि तंतूंची व्यवस्था परवडतच नाही. तिथे असतो तो सर्फॅक्टंटचा पातळ थर. यात सुमारे नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ आणि दहा टक्के प्रथिनं असतात. वायुकोशांतल्याच एका प्रकारच्या पेशी तो तयार करतात. यातल्या चार प्रथिनांना ए, बी, सी आणि डी अशी नावं आहेत. बी आणि सी थराचा ताण कमी ठेवतात, त्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहीत. ए आणि डी हे पहारेकरी.

ए फुलांच्या गुच्छासारखं दिसतं, डी चार टोकांच्या फुलीसारखं. त्यांची टोकं जंतूंच्या अंगावरची शर्करा ओळखतात. आपल्या पेशींवरही शर्करा असते, पण तिची मांडणी वेगळी असते. जंतू सापडला की ही प्रथिनं त्याला चिकटतात आणि अनेक जंतूंची एकत्र मोळी बांधतात. मग भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, ती मोळी गिळतात. आणखी एक गोष्ट पुस्तकांत अनेकदा राहून जाते. जंतू नसतो तेव्हा हीच प्रथिनं भक्षक पेशींना शांत ठेवतात. प्रत्येक धूलिकणावर दाह पेटला असता तर आपल्याला श्वास घेणं मुश्कील झालं असतं.

प्रश्न : मी रोज जिमला जातो. एका दुकानदाराने ‘लंग इम्युनिटी प्रोटीन’ म्हणून वेगळा डबा दिला. महाग आहे. फायदा होईल का? (वय 27, पिंपरी)

नाही.

खाल्लेलं प्रथिन पोटात आणि आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत मोडतं. डब्यावर फुप्फुसाचं चित्र छापलं म्हणून ते फुप्फुसाचा रस्ता धरत नाही. सर्फॅक्टंट फुप्फुसातच तयार होतं आणि ते किती करायचं हे तिथल्या पेशी ठरवतात. तुमच्यासारख्या नीट जेवणाऱ्या तरुणाला या डब्याने काहीही मिळणार नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कोणतीही प्रोटीन पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

ज्यांना खरोखर प्रथिनं कमी पडतात त्यांच्यापर्यंत हे डबे पोहोचतच नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा शिधा देऊन एक मोठी चाचणी झाली आणि 2023 साली तिचे निष्कर्ष आले. दहा हजारांहून अधिक माणसं त्यात होती. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयरोगाचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. तो शिधा म्हणजे तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. उपाशी शरीराला अन्न मिळालं की जंतूंशी झुंज देता येते. भरल्या पोटावरच्या महागड्या डब्याचं तसं नाही.

प्रश्न : रोज ओवा-निलगिरीची वाफ घेतली तर ही प्रथिनं सक्रिय होतात का? (रत्नागिरी)

नाही. वाफेनं नाक मोकळं वाटतं, एवढंच. लहान मुलांना उकळत्या पातेल्याजवळ नेऊ नका, कलंडलेल्या पातेल्याने भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली. तिच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट सोडलं. आता ती सात महिन्यांची आहे. ते प्राण्याचं असतं असं नंतर कळलं. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे सासूबाईंना वाईट वाटतंय. आणि तिची फुप्फुसं कायम कमजोर राहतील का? (नाशिक)

ताई, हो, बहुतेक सर्फॅक्टंट गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढून शुद्ध केलेलं असतं. सासूबाईंच्या मनाला ते लागलं, हे मी समजू शकतो. त्यांना एवढंच सांगा की त्या घटकेला बाळाचे वायुकोश उघडे ठेवण्यासाठी ते लागत होतं. गर्भात फुप्फुस पुरेसं सर्फॅक्टंट करायला शेवटच्या काही आठवड्यांतच लागतं. त्याआधी बाळ बाहेर आलं तर प्रत्येक श्वासाला वायुकोश मिटतात आणि दर वेळी ते नव्याने फुगवताना बाळ थकून जातं.

1959 साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की अशा बाळांच्या फुप्फुसांत हाच पदार्थ कमी असतो. तरीही 1963 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचं, जॉन केनेडी यांचं, साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं बाळ 39 तासांत गेलं. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान बापाकडेही तेव्हा इलाज नव्हता. 1980 साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांना देऊन ते जगवू शकतं हे दाखवलं. तुमच्या मुलीला मिळालं ते औषध त्याच वाटेनं आलेलं आहे.

हे औषध शुद्ध करताना त्यात बी आणि सी टिकतात, ए आणि डी ही पहारेकरी प्रथिनं निघून जातात. म्हणजे तिला श्वास मिळाला, पण जंतूंपासूनचं कवच त्या औषधातून मिळालेलं नाही. ते तिच्या पेशी स्वतः तयार करतात. सात महिन्यांत ते काम सुरू झालेलं असतं. तरी लवकर जन्मलेल्या बाळांना पहिली दोन वर्षं छातीचे संसर्ग जास्त होतात. आईचं दूध चालू ठेवा, लस एकही चुकवू नका आणि घरात बिडी, सिगारेट, डासांची कॉइल काहीही जळू देऊ नका. फुप्फुसं कायमची कमजोर राहतील असं आत्ताच कुणी सांगू शकत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे ठरलेल्या तारखांना जात राहा.

गरोदर वाचकांसाठी एक सांगतो. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. बाळाची फुप्फुसं तयार होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 साली त्यांचा उपयोग सिद्ध केला. पण ती लागू पडायला काही तास हवे असतात, आणि ते तास घरात वाट पाहण्यात जातात.

प्रश्न : नात दीड महिन्याची आहे. अंघोळीनंतर तिच्या नाकात कोमट तेलाचे दोन-दोन थेंब सोडतो, त्याने नाक आणि छाती साफ होते. आमच्या चार पिढ्या अशाच वाढल्या. सूनबाई म्हणते डॉक्टरांना विचारा. (आजी, सांगली जिल्हा)

आजी, आजपासून थांबवा. सूनबाईंचे आभार माना.

तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. बाळाला तेल लावून मालिश करा, टाळूवर तेल घाला, शेक द्या, त्याला माझी हरकत नाही. नाकात मात्र तेल नको, तूप नको, खोबरेल नको, काहीच नको. गेली वीस-बावीस वर्षं मी हे सांगतोय आणि दर पावसाळ्यात अशी दोन-तीन बाळं माझ्याकडे येतात.

पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तर आपल्याला जोरात ठसका लागतो. ठसका हा आपला राखणदार आहे. तेलाला तो फारसा जागा होत नाही. तेल गुळगुळीत, सौम्य, घशाला न टोचणारं, म्हणून ते आवाज न करता खाली सरकतं. श्वासनलिकेतले तंतू चिकट स्राव वर ढकलू शकतात, तेलाचा थर त्यांना ढकलता येत नाही. बाळ पाठीवर निजलेलं असतं, त्यामुळे तेल फुप्फुसाच्या मागच्या भागात जाऊन साचतं. बाळ रडत नाही, खोकत नाही, शांत झोपतं. घरच्यांना वाटतं, मानवलं.

मग वायुकोशातल्या भक्षक पेशी ते तेल गिळतात. या पेशींनी जंतू गिळायचे असतात. पहारेकरी प्रथिनांनी जंतूंची मोळी बांधली तरी ती गिळायला कुणीतरी लागतंच ना? तेलाने तट्ट फुगलेली भक्षक पेशी ते काम नीट करू शकत नाही. तूप आणि इतर प्राणिज स्निग्धांचं तर फुप्फुसात विघटन होऊन आम्लं सुटतात आणि आतली ऊती भाजल्यासारखी सुजते. पॅराफिनसारखं खनिज तेल मोडत नाही, तिथेच पडून राहतं आणि भोवती घट्ट गाठ बनते. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. एक्स-रेवर तो साध्या न्यूमोनियासारखा किंवा टीबीसारखा दिसतो. बाळाला अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होतात, कधी टीबीची औषधंही सुरू होतात, आणि घरी अंघोळीनंतरचे थेंब चालूच असतात. कारण ‘नाकात काही घालता का?’ हे कुणी विचारलेलं नसतं, आणि विचारलं तरी घरचे ‘नाही’ म्हणतात. तेल हे त्यांच्या लेखी औषध नसतंच.

‘चार पिढ्या वाढल्या’ याबद्दलही बोलतो, रागावू नका. ज्या बाळांना त्रास झाला ती ‘छाती भरून गेली’ म्हणून नोंदली गेली. नाकातल्या तेलाचं नाव त्यात कुणी घेतलं नाही. जी वाचली त्यांच्यावरून आपण रूढीची परीक्षा करतो, जी गेली त्यांना कुणी मोजलेलंच नाही.

तेलाने नाक साफ होतं, हा समजही खरा नाही. नाक चोंदलं असेल तर सलाईनचे थेंब मिळतात, तेही बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. तोंड उघडत नाही म्हणून नाक दाबून घुटी, तूप किंवा औषध पाजणं हा याच धोक्याचा दुसरा दरवाजा आहे. वैद्यांकडे मोठ्या माणसांसाठी नस्य, म्हणजे नाकात औषध सोडण्याचा उपचार, करतात, तो त्यांच्या देखरेखीखालचा विषय आहे. मी बोलतोय ते स्वतः काही सांगू न शकणाऱ्या बाळांबद्दल.

मोठ्यांसाठीही दोन वाक्यं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठासाठी रात्री झोपताना लिक्विड पॅराफिन देऊ नका, नकळत ते फुप्फुसात उतरतं. आणि शेतावर ट्रॅक्टरमधलं डिझेल नळीला तोंड लावून ओढू नका, एक घोट चुकला की दुसऱ्या दिवशी ताप, छातीत कळ आणि न्यूमोनिया.

आता तुमच्या नातीचं. ती शांत असताना पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असतील, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या. यातलं काहीच नसेल तरी या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि किती दिवस, कोणतं तेल, किती थेंब हे न लपवता सांगा. तुम्हाला कुणी रागावलं तर ऐकून घ्या. तिच्या फुप्फुसासाठी ती माहिती एक्स-रेइतकीच मोलाची आहे.

प्रश्न : एका तपासणी पॅकेजात ‘सर्फॅक्टंट प्रोटीन डी’ आहे. ते जास्त आलं म्हणजे फुप्फुसं मजबूत ना? (ठाणे)

उलट. हे प्रथिन वायुकोशात असायला हवं. तिथली भिंत दुखावली की ते रक्तात झिरपतं. जपानमध्ये फुप्फुसांच्या तंतुमयतेच्या (फायब्रोसिसच्या, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याच्या) रुग्णांवर लक्ष ठेवायला डॉक्टर ही तपासणी वापरतात. धडधाकट माणसाने हौसेनं करण्याची ती नाही. तुमचा आकडा खरंच वाढलेला आला असेल तर रिपोर्ट घेऊन छातीविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : भाऊ दगडाच्या क्रशरवर अकरा वर्षं आहे. दम लागतो. सीटी स्कॅननंतर ‘फुप्फुसात प्रोटीन साठलंय, धुवावं लागेल’ असं सांगितलं. फुप्फुस धुतात का कधी? आम्हाला फसवतायत का? (नगर जिल्हा)

धुतात. हा उपचार खरा आहे.

सर्फॅक्टंट रोज तयार होतं आणि जुनं झालेलं भक्षक पेशी उचलून नेतात. ही उचल थांबली की वायुकोश त्या पांढऱ्या पदार्थाने भरतात. या विकाराचं पहिलं वर्णन 1958 सालचं आहे. बहुसंख्य रुग्णांमध्ये शरीरच जीएम-सीएसएफ नावाच्या संदेशवाहकाविरुद्ध प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) करतं, हे जपानी संशोधकांनी 1999 साली शोधलं. तो संदेश मिळाला नाही की भक्षक पेशी अर्धवट वाढलेल्या राहतात. काही रुग्णांत मात्र कारण असतं दगडाची बारीक धूळ, सिलिका. ती या पेशींना मारते.

वाचकांचा नेमका गोंधळ इथेच होतो. फुप्फुसात प्रथिनं दाबून भरलेली असतात, तरी हा रुग्ण जंतूंपुढे दुबळा असतो. पहारेकरी भरपूर आहेत, पण पकडलेल्या जंतूंचा निकाल लावणारं कुणी नाही. म्हणून अशा रुग्णांना नोकार्डियासारखे एरवी क्वचित दिसणारे संसर्ग आणि टीबी होऊ शकतो. ताप आला तर त्याने घरी बसू नये.

धुताना पूर्ण भूल देतात, एक फुप्फुस व्हेंटिलेटरवर ठेवतात आणि दुसऱ्यात कोमट सलाईन थोडं थोडं भरून बाहेर काढतात. एका फुप्फुसाला पंधरा-वीस लिटरपर्यंत लागतं. आधी दुधासारखं पाणी येतं, मग निवळत जातं. हे मोठ्या, अनुभवी केंद्रातच व्हायला हवं. त्याआधी निदान पक्कं हवं, रक्तातल्या प्रतिद्रव्यांची तपासणी आणि थुंकीत टीबी नाही याची खात्री हवी. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेण्यात काही गैर नाही, पण त्यात महिने घालवू नका. सिलिकोसिसच्या, म्हणजे या धुळीने फुप्फुसात झालेल्या, गाठी मात्र धुऊन जात नाहीत, तसं आश्वासन कुणी दिलं तर तिथून उठा. सिगारेटचं फुप्फुस ‘डिटॉक्स’ करून देतो म्हणणाऱ्यांचा या उपचाराशी काही संबंध नाही.

भावाला धुळीचं काम आजच सोडायला सांगा. रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. केसपेपरवर त्याचा व्यवसाय आणि वर्षं लिहून घ्या. कायद्यानुसार सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. भरपाई मागायची वेळ आली तर हाच कागद लागेल.

प्रश्न : वय 58. तीस वर्षं बिडी ओढली, सहा महिन्यांपूर्वी सोडली. तीन महिने खोकला आहे, थोडं वजन उतरलंय. मेडिकलमधून चार बाटल्या औषध झालं. फुप्फुसातली प्रथिनं परत येतील का? (जालना)

आधी थुंकी तपासा. प्रथिनांचं नंतर बोलू.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, आणि तुम्ही तीन महिने काढलेत. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. टीबीचा जंतू धूर्त आहे. ए प्रथिन भक्षक पेशीला जंतू गिळायला मदत करतं, आणि याला तर त्या पेशीच्या आतच घर करायचं असतं. म्हणजे आपल्याच पहारेकऱ्याचा तो फायदा घेतो. त्याला बाटलीतल्या कफ सिरपने काही होत नाही. तुमचं वय आणि बिडी पाहता एक्स-रेही हवाच, कारण कॅन्सरची गाठ नाही याचीही खात्री करायला हवी.

बिडी सोडलीत हे फार चांगलं केलंत. तंबाखूचा धूर वायुकोशातली ए आणि डी कमी करतो. शिवाय यकृतात तयार होऊन फुप्फुसाचं रक्षण करणारं अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे प्रथिनही तो निकामी करतो. बंद केल्यावर फुप्फुस सावरू लागतं. फाटलेले वायुकोश मात्र पुन्हा जुळत नाहीत, म्हणून पुन्हा एकही नको. पण हे सगळं थुंकीचा रिपोर्ट हातात आल्यावर. उद्या सकाळी जा.

प्रश्न : निसर्गानं एवढी प्रथिनं दिली आहेत, मग आईला (वय 71, मधुमेह) फ्लू आणि न्यूमोनियाची लस कशाला? (पणजी)

कारण या प्रथिनांना स्मृती नसते. ती प्रत्येक जंतूला पहिल्यांदाच भेटल्यासारखं पकडतात. विशिष्ट जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी आणि त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं लसीमुळे शरीरात तयार होतात. या वयात आणि मधुमेहात दोन्ही लसी साधारणपणे सुचवल्या जातात. फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते. आईची जुनी लसींची नोंद आणि चालू औषधांची यादी घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा, आणि ताप असेल त्या दिवशी लस घेऊ नका.